कर्ता

शाळेत मास्तरांनी एक युक्ती दिली होती:
क्रियापदाचा धातू घ्या, त्याला ‘णारा’ लावा,
आणि विचारा, कोण?
जो हात वर करील तो कर्ता.

एकतीस वर्षं त्याच युक्तीवर पोट भरतोय,
प्रभादेवीच्या एका दैनिकात, मुद्रितशोधक.
जिन्याखालचं टेबल, लाल पेन,
बातमीशी संबंध वेलांटीपुरता.

त्या रात्री शिवडीत, गाडी अड्ड्याजवळ
एका पक्षाचे दोन पक्ष झाले होते
आणि कार्यालयाला कुलूप एकच.
सोड्याच्या बाटल्या, ट्यूबलाइटी, मग पोलिसांची गाडी,
मग आवाज.
यशोधरा कांबळी तिथे उभी होती,
रसवंतीच्या बंद शटरला पाठ लावून.
दोन्ही गटांनी विचारलं, तू कोणाची?
ती म्हणाली, पेपरची.
एकाने मोबाइल हिसकावला, दुसऱ्याने चष्मा.
दिवसभरात तेवढ्यावर त्यांचं एकमत झालं.

कोणाच्या तरी फोनवरून तिने बातमी सांगितली.
डेस्कवर रिकामा मीच, उतरवून घेतली:
‘उपनिरीक्षकाने गोळी झाडली.
ती बाबाजी तळेकर (५२) यांच्या मानेत शिरली.
ते गॅसचे सिलिंडर पोचवत.
ते कोणत्याच गटात नव्हते.’
झाडणारा कोण? उपनिरीक्षक.
वाक्य पक्कं होतं.
मी फक्त सिलिंडरची वेलांटी पाहिली.

साडेनऊला डाक आवृत्ती सुटली,
टेम्पो पनवेल ओलांडून कोकणात उतरले.

पावणेअकराला वरच्या मजल्यावर फोन आला.
कोणाचा, ते विचारायचं नसतं.
धुरीसाहेब स्वतः खाली आले, चपला न वाजवता.
शहर आवृत्तीत एवढं बदला, म्हणाले:
‘झटापटीत गोळी सुटली.
एकाचा मृत्यू झाला.’

मी युक्ती लावून पाहिली.
सुटणारी कोण? गोळी.
होणारा कोण? मृत्यू.
व्याकरणात खोट काढायला जागा नव्हती.
मी सही केली.

पुढच्या महिन्यात यशोधराची बदली झाली,
राशिभविष्य आणि शब्दकोड्याच्या पुरवणीला.
नवा चष्मा लावून ती चौकोन काळे करते,
कुठले रिकामे ठेवायचे ते तिला बरोबर कळतं.

मग तळेकरांचा भाऊ आला, लांज्याहून.
प्लास्टिकच्या पिशवीत दोन कात्रणं,
एक गावचं, एक शिवडीचं.
तारीख तीच, पान तेच, वर नाव आमचंच.
वॉचमनने माझ्याकडे धाडला,
आत शिरल्यावर पहिलं टेबल माझं म्हणून.
‘तुम्ही शुद्ध-अशुद्ध बघता ना?
मग यातलं शुद्ध कुठचं?’
मी चहा मागवला.
तो प्यायला नाही. चहावर साय धरली,
आणि आम्ही दोघं त्या सायीकडे बघत राहिलो.

आज टेबलावर चूकभूल आलीय:
‘डाक आवृत्तीत सदर वाक्य
अनवधानाने छापले गेले. दिलगीर आहोत.’
वेलांट्या बरोबर.
दिलगीरचा ‘गी’ दीर्घ, तोही बरोबर.
खाली सहीची जागा कोरी.

उतरवून घेणारा कोण?

वर्गात मी कधीच हात वर केला नाही.
आजही फार उंच गेला नाही तो,
लाल पेनाएवढाच.
‘अनवधानाने’वर काट मारली,
समासात लिहिलं: अनवधान नव्हतं.
उतरवून घेणारा मी.
पुढे मोरेश्वर मसुरकर, पूर्ण नाव,
रकार सुटा, सुवाच्य.

प्रूफ वर गेलंय.
जिन्यावर अजून पावलं वाजली नाहीत.
साहेबांची तशीही वाजत नाहीत.